जॉबरच्या शेऱ्याचा रकाना

१९७५ सालच्या संक्रांतीनंतरच्या सोमवारी, सकाळी सातच्या पाळीला, सोलापुरातल्या एका गिरणीच्या गेटवर साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या शिवलिंगप्पाला आत सोडलं नाही. बावीस वर्षांची नोकरी. कायम कामगारांच्या छापील यादीत त्याचं नाव नव्हतं. तो माझा बाप, माझे आप्पा. ते नाव कुणी खोडलं ते मला माहीत आहे, म्हणून लिहितोय.

त्याआधी दोन वर्षं याच आप्पांनी मला पुण्याच्या एसटीत बसवलं. पिशवीत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त, सगळी जॉबरांविरुद्ध, म्हणजे खात्याच्या मुकादमांविरुद्ध: कुणाला कामावर ठेवायचं, कुणाला घरी पाठवायचं, हे एका माणसाच्या मर्जीवर का? आप्पा खिडकीशी येऊन म्हणाले, "तितं लई भांडू नको. भांडलास तर समोरच्याचं तोंड बघून भांड की."

पुण्यात मी कॉम्प्युटर सेंटरात लागलो. प्रोग्रॅम लिहायचा, कार्डं पंच करायची, गठ्ठा खिडकीत द्यायचा. त्या खिडकीला सुतळीनं एक वही बांधली होती, मशीनच्या तक्रारींसाठी. आम्ही तिच्यात वाद घालायचो. निरनिराळ्या ऑफिसांतली, वेगवेगळ्या वेळी येणारी माणसं. कुणी कुणाला पाहिलेलं नाही. प्रोग्रॅमसाठी कोबोल भाषा बरी की फोरट्रान, यावर पानंच्या पानं. मग नियम म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, इथपर्यंत. सोलापुरात चौकात घसा फोडूनही कुणी ऐकत नव्हतं. इथं अनोळखी लोक वाचून उत्तर देत होते. मला ते चढलं.

त्यातच आप्पांच्या गिरणीच्या हजेरीचा प्रोग्रॅम माझ्याकडे आला. रजेशिवाय सलग चार दिवस गैरहजर, तर कायम यादीतून नाव कमी. जुन्या मस्टरात, हजेरीच्या वहीत, शेवटी जॉबरच्या शेऱ्याचा रकाना असायचा. तो कार्डावर ठेवावा का, मी वहीत विचारलं. हिरव्या शाईनं लिहिणाऱ्या एकानं लिहिलं, ठेवा. माणसाला काही सांगायचं असतं, ते कुठंतरी मावलं पाहिजे. मी तीन पानं खरडली: शेरा म्हणजे वशिला, नियम सगळ्यांना एक. बाकीच्यांनी माझ्या बाजूनं सह्या ठोकल्या. हिरव्या शाईची शेवटी एकच ओळ आली, तुम्ही त्या गिरणीत कधी गेला आहात का? मी खाली लिहिलं, तिथंच वाढलो. आणि रकाना काढला.

वाढलो आणि विसरलो. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत आप्पा दर वर्षी नंदीध्वजाची उंच काठी धरतात. ते चार दिवस त्यांच्या साच्यावर त्यांचा चुलतभाऊ उभा राहतो आणि जॉबर शेऱ्यात लिहितो, बदली दिला. रजेचा अर्ज कधी कुणी केलाच नाही. ज्याच्याविरुद्ध मी पत्रकं काढली, तोच जॉबर इतकी वर्षं त्या दोन शब्दांवर आप्पांची नोकरी राखत होता. यंदा ते शब्द लिहायला कार्डावर जागाच नव्हती.

आता गिरणी म्हणते, मशीननं काढलं. सेंटर म्हणतं, गिरणीनं लेखी मागितल्याशिवाय प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. मी सोलापूरला जाऊन आलो. बाहेरचा म्हणून मला गेटवरच अडवलं. वहीत हिरव्या शाईला लिहिलं, तुमचं खरं होतं. उत्तर नाही. वही भरली, नवी टांगली. शोधू कुणाला? तोंडच पाहिलेलं नाही.

आप्पांनी शेजाऱ्याकडून पत्र लिहून घेतलं: "तू मशीनवाल्यांत हायस. त्यांना इचार की, माजं काय चुकलं?" रकाना मीच काढला, हे त्यांना ठाऊक नाही. घर म्हणजे आता खिशातलं हे पत्र, ज्याचं उत्तर लिहायच्या आधी मी हे लिहितोय.

साचेखात्यातल्या लोकहो, तुम्ही आप्पांच्या शेजारी उभे राहून काम करता. माझ्या लिहिण्याला गिरणीत किंमत नाही, तुमच्या बोलण्याला आहे. येत्या सोमवारी सातच्या आधी मॅनेजरपुढे जा. जॉबरलाही सोबत घ्या. आणि मॅनेजरच्या तोंडाकडे बघून सांगा, यात्रेचे चार दिवस शिवलिंगप्पा कुठं असतो ते.