पाटकरी आबांचं पाणी

पाण्याचा ग्लास हातात दिला की पाटकरी आबा तो आधी खिडकीच्या उजेडात धरायचे, तिरका करून बघायचे, आणि मग माझ्याकडे असं बघायचे की जणू निम्मं पाणी वाटेत मीच पिऊन आले. मग शिवी. शिवी झाली की पाणी. बारामतीतल्या हार्ट वॉर्डात मी नर्स म्हणून बरीच वर्षं काढली, भांडखोर पेशंट चिक्कार पाहिले. पण मला मनापासून न आवडलेला, आणि ज्याला मीही मनापासून आवडले नाही, असा पेशंट हा एकच. आता ते गेलेत म्हणून मी हे गोड करून सांगणार नाही. त्यांनाही ते चाललं नसतं.

आबांचं हृदय थकलं होतं. असं हृदय रक्त नीट पुढे ढकलत नाही. अंगातलं पाणी मग पायात उतरतं, पोटात साठतं, शेवटी फुफ्फुसात जातं आणि माणूस बसल्या जागी गुदमरतो. म्हणून लघवी होण्याची इंजेक्शनं, बिनमिठाचं जेवण, रोज सकाळी वजन, आणि पाणी मोजून. मोजायचं काम माझं. आणि ज्याला मी मोजून देत होते, त्यानं स्वतः जन्मभर लोकांना पाणी मोजून दिलेलं! आबा कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताची पाळी कधी, पाणी सोडायचं लोखंडी दार कुणासाठी किती उचलायचं आणि कधी पाडायचं, हे सगळं त्यांच्या हातात. बारामतीकडच्या वरच्या गावांपासून इंदापूरकडे कालव्यातून फुटणाऱ्या शेवटच्या चाऱ्यांपर्यंत त्यांची नोकरी झाली आणि जातील तिथं त्यांनी वैरी करून ठेवले. रिटायर झाल्यावर निरवांगीला घर बांधून राहिले, तर शेजारीही बोलेनात. "पाण्याला पावना-रावळा नसतोय," असं ते म्हणायचे. सख्ख्या मेहुण्याचं दार त्यांनी भर उन्हाळ्यात पाडलं होतं, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाव विचारलं. मी सांगवी म्हणाले.

"मंग चोराची हाईस," आबा म्हणाले. "सांगवीवाल्यांनी रातच्याला लई दारं उचलली माझी."

तेव्हापासून माझं नाव पडलं सांगवी. ए सांगवी, पाणी. ए सांगवी, उशी वर घे. अख्ख्या वॉर्डासमोर. मी घरी वडिलांना फोन करून विचारलं, असा असा कोणी पाटकरी आठवतो का. वडील म्हणाले, "जित्तं हाय व्हय ते अजून?" त्यापुढचं लिहिण्यासारखं नाही. तुम्ही दार उचललं होतं का, हे मात्र मी त्यांना विचारलं नाही. उगाच कशाला?

तहान वाईट असते हो. जीभ टाळूला चिकटते, ओठ तडकतात, माणूस पाण्याशिवाय दुसरं काही बोलत नाही. त्यावर आमच्याकडे उपाय असतात, पण ते चिमूटभर. बर्फाचा खडा चघळायला द्यायचा, ओल्या कापसानं तोंड पुसायचं, ओठांना मलम लावायचं, चूळ भरायला सांगायचं. मी आबांना चूळ भरायला पाणी दिलं, तर त्यांनी माझ्या डोळ्यात डोळे घालून ते गटकन गिळलं. दुसऱ्यांदा गिळलं तेव्हा मी तेवढं त्यांच्या दिवसाच्या पाण्यातून कापलं. आबांनी डॉक्टरांकडे माझी तक्रार केली, ही बाई पाणी चोरते म्हणून. डॉक्टर हसले, म्हणून ते डॉक्टरांवरही चिडले. त्यानंतर चूळ थुंकायला लागले, पण अशी, की निम्मी माझ्या कपड्यांवर. त्यांच्या टाचा गादीला घासून लाल झाल्या होत्या, म्हणून मी पायांखाली उशी सारायचे, कूस बदलायचे. त्यावर, उसाची मोळी फेकावी तशी फेकतेस, असं ऐकून घ्यायचे. ओठांना मलम लावायच्या वेळी मात्र ते डोळे मिटून गप्प पडायचे. तेवढीच शांतता. मी तेव्हा मुद्दाम जरा सावकाश लावायचे.

त्यांना भेटायला फारसं कुणी येत नसे. बायको उशाशी असायची, तिला मी मावशी म्हणायचे. गरीब बाई, नवऱ्याच्या वाटच्या शिव्या लोकांकडून खाऊन दमलेली. एकदा बावडा गावचे एक म्हातारे बागायतदार आले. स्टुलावर बसले, तब्येत विचारली. पाण्याला बंदी हाय म्हणं, असंही म्हणाले. मग पिशवीतून गार पाण्याची बाटली काढली आणि आबांच्या समोर, घाई न करता, एकेक घोट घेत रिकामी केली. मिश्या पुसल्या, रामराम घातला आणि निघाले. आबा शेवटच्या घोटापर्यंत बघत होते. नजर वळवली नाही त्यांनी.

माझं डोकंच फिरलं. मी त्या म्हाताऱ्यांना जिन्यात गाठलं आणि म्हणाले की माझ्या पेशंटसमोर पुन्हा असलं काही केलंत तर गेटवरूनच परत पाठवीन. ते शांतपणे म्हणाले, "बाई, माझी उभी केळीची बाग जळली. मी नुसतं पाणी पिलो." मी वॉर्डात परत आले तर आबांनी विचारलं, काय बोललीस त्याला. मी सांगितलं.

"तुझ्या बापानंबी हेच केलं असतं," आबा म्हणाले.

मी म्हटलं, माझ्या बापानं दोन बाटल्या आणल्या असत्या. आबा हसले बहुतेक. खोकले असतील, सांगता येत नाही.

त्यांना जगायचं होतं, आणि का जगायचं होतं तेही त्यांनी मला सांगितलं होतं. माझ्या मयतीला निम्मा कालवा येईल, म्हणाले. रडायला न्हाय, खात्री करायला. तर इतक्यात लोकांना यायला लावायचं नाही, एवढीच त्यांची इच्छा. स्वतःच्या पायांनी चावडीवरून चालत जायचं आणि एकेकाचं तोंड उतरलेलं बघायचं. मला ते कारण पुरेसं होतं. पाण्यासाठी फारच आरडाओरडा केला की मी म्हणायचे, प्या की मग, मी बावड्याला निरोप धाडते. की लगेच गप्प.

त्या खेपेला सूज उतरली आणि आबा खरंच चालत घरी गेले. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण उन्हाळा लागला आणि ते परत आले. तोंड सुजलेलं, धाप अशी की दोन शब्द एका दमात येईनात. मावशी शपथ घेऊन सांगत होती की पाणी मोजूनच दिलं. मग खोदून विचारलं तर कळलं, पाणी मोजून दिलं आणि वर शहाळं दिलं, ताक दिलं, दुपारी कलिंगड, संध्याकाळी रस. का, तर बंदी पाण्याला होती! मी मावशीवर तोंड सोडलं. आबा पुढे वाकून, पलंगाचा कठडा धरून बसले होते. श्वास घेत घेत म्हणाले, "तिला... बोलू नको. मला बोल." मी त्यांनाही बोलले. काही बाकी ठेवलं नाही.

पण ह्या खेपेला इंजेक्शनं लागू पडेनात. लघवी होईना, किडन्याही बसत चालल्या. सकाळच्या वजनाचा काटा वरच सरकत होता. डॉक्टरांनी मावशीला आणि तोवर येऊन पोचलेल्या त्यांच्या मुलाला बाहेर बोलावून सगळं सांगितलं, आणि मला म्हणाले, आता बंदी नको, मागतील ते द्या, त्रास होऊ देऊ नका. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मावशी म्हणाली, पोरी, तूच पाज, माझा हात उचलायचा नाही.

मी मोठा ग्लास काठोकाठ गार पाण्यानं भरला आणि घेऊन गेले. वाटलं होतं हिसकावून घेतील. आबांनी ग्लासाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"किती पिऊ?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, पाहिजे तेवढं प्या आबा.

मोजणं थांबलं म्हणजे काय, हे पाटकऱ्याला कळायला वेळ लागला नाही. त्यांनी हात पुढे केलाच नाही. किती तरी वेळ ते त्या पाण्याकडे बघत राहिले. ओठ फुटलेले, जीभ कोरडीठाक, आणि समोर भरलेला ग्लास. मला वाटलं, आता तरी प्या हो, कशाला छळता?

"हे घिऊन जा," आबा म्हणाले. "रोजच्यावानी मोजून आण."

मला रडू फुटलं होतं आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. मी ग्लास बेसिनमध्ये ओतला. रोजचं माप मोजलं, मुद्दाम थोडं कमीच, आणि त्यांच्या हातात दिलं. जमेल तेवढ्या रागानं म्हणाले की एवढंच आहे, आता संध्याकाळपर्यंत थेंब मिळायचा नाही, मागू पण नका.

आबांनी ते दोन घोटांत संपवलं. ग्लास परत देताना, अडखळत का होईना, पण पूर्ण शिवी दिली, माझ्या गावासकट. मग उशीला टेकले आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

ते दुपारीच गेले. मावशीला धरून मी रडले, आणि रडतानाही मला त्यांचा राग येत होता. त्यांचं संध्याकाळचं पाणी मी मोजून झाकून ठेवलं होतं. ड्यूटी संपल्यावरही मला ते ओतून टाकवेना.