गव्हाणीतली खीर

माफ करा. लिहिणं माझं काम आहे की नाही, मला अजून ठरवता येत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. मोठ्या शब्दांची भीती वाटते. म्हणून पाहिलं तेवढंच सांगते.

शनिवार होता. सकाळची शाळा. ओतूरच्या वसतिगृहातून मी घरी न जाता थेट गावच्या शाळेत गेले. त्याच आठवड्यात आईला तिथं खिचडी शिजवायचं काम मिळालं होतं. आई न्हाऊन, डोक्याला फडकं बांधून चुलीपुढं बसलेली. फोडणीचा वास अंगणभर. घंटा झाली. पोरं ताटल्या घेऊन ओळीत बसली.

तेवढ्यात काकू आल्या. शाळा समितीच्या अध्यक्षांची बायको. त्यांच्या मळ्यात मी कांदे काढायला जायची. त्या कधी वाईट बोललेल्या आठवत नाहीत. तेव्हाही आवाज चढवला नाही. फक्त नातवाचा हात धरला.

"ऊठ रे बाळा. घरी जेवू."

मग एकेक पोर उठलं. ओळीत उरली ती आमच्या बौद्धवस्तीवरची चार पोरं. माझा धाकटा भाऊ घास हातात धरून आईकडं बघत होता. खाऊ का नको?

काकू आईला म्हणाल्या, "राग मानू नको गं. खिचडी चांगलीच असंल. पण पोरांना सवय न्हाई ना तुमच्या हातची."

गुरुजी खाली बघत म्हणाले, "बाई, तुम्ही भांडी घासा. शिजवायला दुसरं कोणी बघू. पगार तोच राहील."

"भांड्याला माझा हात चालतो व्हय?" आईनं विचारलं.

गुरुजी वर्गात निघून गेले.

वर्षावास चालू होता. पावसाचे तीन महिने आमच्या विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. महिला मंडळाच्या बाया ट्रंकेतल्या पांढऱ्या साड्या नेसून येतात. शनिवार-रविवार वाचायचं काम माझं. आवाज बारीक, त्यामुळं मागून कोणीतरी ओरडतंच, "मोठ्यानं गं, कॉलेजवाले!"

त्या संध्याकाळी वंदना झाली. मी पान उघडलं आणि आई उभी राहिली.

"आज वाचन ऱ्हाऊ द्या. माझं ऐका."

सगळं ऐकून मंडळाच्या अध्यक्ष गंगूआत्या म्हणाल्या, "हितं वंदना करायची, शांता. भांडणं भाईर."

"ह्याच हातांनी आत्ता वंदना केली, आत्या. मग हात भाईर कुठं ठिवू?"

मागून सुमनवैनी बोलली, "उद्या मळ्यात कामाला घेतलं न्हाई तर? तुझी खिचडी खाऊन दिवस काढू का?"

बाया हसल्या. आई खाली बसली. ते हसणं भीतीचं होतं, हे मला कळत होतं. तरी लागलं.

शेवटी आत्यांनी मधला रस्ता काढला. वर्षावास संपताना पौर्णिमेला आम्ही खीर करतो. यंदा ती गावात घरोघर द्यायची. "गोडानं माणूस वळतं," आत्या म्हणाल्या. तोवर गुरुजींना दुसरं कोणी मिळालं नाही, आई चार पोरांसाठी शिजवत राहिली. भांड्यांचं काम तिनं घेतलं नाही.

पौर्णिमेला आम्ही डबे घेऊन निघालो. सगळ्यांनी खीर घेतली. उंबऱ्याबाहेरच, पण हसून. काकूंनी वास घेतला, म्हणाल्या, "वा, वेलदोडा घातलाय की!" आत्यांचा चेहरा फुलला.

डब्याचं झाकण काकूंच्या ओट्यावर राहिलं होतं. ते आणायला आत्या आणि मी मागं फिरलो. गोठ्यावरून जाताना वेलदोड्याचा वास आला. गव्हाणीत कडब्यावर आमची खीर. वासरू चाटत होतं.

आत्या बघत राहिल्या. झाकण न घेताच वळल्या. वस्ती जवळ आल्यावर म्हणाल्या, "वासराला आवडली गं."

त्याच संध्याकाळी विहारात त्यांनी सांगितलं, "साड्या ट्रंकंत ठिवू नका. सोमवारी शाळंत नेसायच्या."

सोमवारी मी कॉलेज बुडवलं. पांढऱ्या साड्यांतल्या बाया पोरांच्या ओळीत मांडी घालून बसल्या. आई वाढत होती.

"हे काय?" गुरुजी.

"पोरांना सवय लावतोय, गुरुजी," आत्या म्हणाल्या.

मग रोज कोणी ना कोणी जाऊन बसू लागलं. सगळ्यात आधी काम तुटलं ते सुमनवैनीचं. दुसऱ्या दिवशी तीच ओळीत पहिली बसली. "मळा बंद झाला. आता जेवायला तरी वाढ, शांते."

हळूहळू धनगरवाड्यावरची दोन पोरं ओळीत येऊन बसली. मला वाटलं, गाव वळलं.

काल वसतिगृहाच्या फोनवर आई बोलली.

"शाळंतली चूल बंद केली गं. आळेफाट्यावरून टेम्पोनं खिचडी येती आता, पिंपात. समदी पोरं खात्यात."

"तिथं कोण शिजवतं?"

"कुणी इचारलंच न्हाई."

 मग आईच म्हणाली, "गुरुवारी जुन्नरला पंचायत समितीत जायचंय. समद्या येणार, साड्या नेसून. सायबापुढं तू बोलायचंस. मोठ्यानं."

माझा आवाज अजून बारीकच आहे. पण पहिलं वाक्य पाठ केलंय. त्यात विनंती नाही.

साहेब, आईची चूल पेटेपर्यंत आम्ही इथून उठणार नाही.