नवाईआधीचं कणीस
कुठे मक्याचं कणीस भाजल्याचा वास आला, की मला मोलगीकडच्या डोंगरातली, मास्तर म्हणून माझी पहिली शाळा आठवते. त्या भादव्यात घरोघरचं धान्य संपलं होतं. लोक रानातले कडू कंद उकडून खात होते. शेतात मका तयार उभा होता, पण नवाईला, म्हणजे नव्या धान्याच्या सणाला, देवापुढे ठेवल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नसे. मी ज्या म्हाताऱ्याकडे राहायचो, त्याचा तरणा मुलगा नुकताच तापाने गेला होता. मी चिडून म्हणालो, "ज्या देवाने मुलगा नेला, त्याच्यासाठी उपाशी राहता, बाबा?" तो म्हणाला, "का नेला, ते मला नाही कळत, मास्तर. पण त्याला सोडून जाऊ कुठं?" दुसऱ्याच दिवशी भूक सोसेना, म्हणून मी त्याच्याच शेतातलं कणीस शाळेमागे भाजून खाल्लं. वासाने तो आला. डोंगराकडे तोंड करून त्याने हात जोडले आणि आपल्या बोलीत म्हणाला, "देवा, मास्तर परका माणूस, त्याला आपली रीत माहीत नाही, त्याच्यावर रागावू नको." मला रीत माहीत आहे, हे त्यालाही माहीत होतं. मी घास गिळला आणि गप्प राहिलो. आज मी त्याच्या वयाचा झालोय, आणि देवापुढे बसलो की अजून पहिलं हेच सांगतो, की मला माहीत होतं.