भरल्याशिवाय न निघणारा ताफा

ताफा जागचा हलत नव्हता. शत्रूची जहाजं आमच्या कडेच्या ग्रहावर येऊन ठेपली होती आणि आमची जहाजं गोदीत इंजिन चालू ठेवून नुसती उभी. पुण्याहून केतकी मॅडम त्यांची स्क्रीन मला दाखवत होत्या. त्या माझ्या लीड, म्हणजे माझ्या कामाला हो किंवा नाही म्हणणाऱ्या.

"वर्षा, हे सगळे कोणाची वाट बघतायत?"

"बघते," मी म्हणाले. मला काडीचाही अंदाज नव्हता.

मी सेनगावला राहते आणि पुण्यातल्या एका गेम कंपनीचं काम घरून करते. सासूबाई शेजारणींना सांगतात, आमची सून कॉम्प्युटरवर विमानं लावते. त्यात फार चूक नाही. आमचा गेम अंतराळातल्या लढायांचा आहे. खेळणारा ग्रह जिंकतो, जहाजं बांधतो आणि त्यांचे ताफे करतो. जाड कवचाची जहाजं पुढे, लांब पल्ल्याच्या तोफा मागे, इंधनाचा टँकर मध्ये. काही जणांना ही मांडामांड करण्यातच मजा येते. बाकीच्यांना कंटाळा येतो. त्यांच्यासाठी एक बटण आहे, ऑटो. ते दाबलं की कॉम्प्युटर साचा बघतो, म्हणजे कुठल्या प्रकारची किती जहाजं हवीत ते बघतो, ती गोळा करतो, रांगेत लावतो आणि ताफा रवाना करतो. ते बटण माझं काम. माझी नोकरीही त्या बटणावरच टांगलेली होती.

हे मी मनाने म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेम विकत घेऊन बाजारात आणणाऱ्या पब्लिशरला डेमो होता. मॅडम स्पष्ट बोलणाऱ्या. बटण चाललं नाही तर ते गेममधून काढून टाकणार, आणि ते काढलं तर माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवायला त्यांच्याकडे कारण उरणार नाही, असं त्यांनी मला सरळ सांगितलं. सेनगावात बसून करता येईल असं दुसरं काम मला कोण देणार होतं?

कॉल संपल्यावर मी माझ्या लॅपटॉपवर तोच साचा चालवला. ताफा ऐटीत निघाला. पुन्हा चालवला, पुन्हा निघाला. आमच्या धंद्यात याहून वाईट काही नसतं. बिघाड दिसला तर दुरुस्त करता येतो, माझ्याकडे मात्र सगळं आलबेल आणि पुण्यात ठप्प. मी रस्ता शोधण्याचं गणित तपासलं. वेग तपासला, कारण ताफा सगळ्यात मंद जहाजाच्या चालीने जातो आणि कधी कधी एकटा टँकर सगळ्यांना अडवून धरतो. टँकर निर्दोष निघाला. सासूबाईंनी दोनदा विचारलं, काहून गप्प गं, आणि दोन्ही वेळा मी काही नाही म्हटलं. जेवण गेलं नाही.

सकाळी इंटरनेटच बंद. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने केबल तोडली होती. मोबाइलच्या रेंजवर फोन लागायचा, फार तर एखादी छोटी फाइल जायची, पण स्क्रीन दाखवून डेमो करणं शक्यच नव्हतं. हिंगोलीला माझा मावसभाऊ राहतो, त्याच्याकडे चांगलं कनेक्शन आहे. लॅपटॉप उचलला आणि स्टँडवर आले. एसटी नुकतीच गेली होती. जीप उभी होती, पण अर्धवट भरलेली. आमच्याकडे जीप भरल्याशिवाय निघत नाही, हे सांगायचीसुद्धा कोणाला गरज वाटत नाही.

मी मधल्या सीटवर बसले. पायाशी कोणाची तरी तुरीची पिशवी. घड्याळाकडे बघू नये असं ठरवलं आणि बघतच राहिले. हळूहळू गाडी भरली, ड्रायव्हर बबनभाऊ दाराशी उभा राहून हाका मारत होता.

"एकच शीट राह्यली, ताई. निघूनच राहिलो."

तेवढ्यात मागच्या सीटवरचे दोघं उतरून चहाला गेले ते आलेच नाहीत. त्यांना कुणाची तरी मोटरसायकल मिळाली. एक बाई लेकराला घेऊन चढली, तर पुढचा म्हातारा वैतागून उतरला. राहिलेली एक सीट काही भरेना. माझ्या शेजारी लुगडं नेसलेली एक म्हातारी होती, हिंगोलीला लेकीकडे निघालेली. तिचा संयम माझ्याआधी संपला.

"काहून थांबला रे बाबा? एक चढतो तवर दोन उतरून राहिले. आता मीबी उतरते. मंग भर तुझी गाडी."

बबनभाऊ ओशाळून हसला. पुढं वाटेत नर्सी गावाला शीटा भेटतात, हे त्याला ठाऊक होतं. "पण भरल्याबिगर काढायची सवयच न्हाई मावशी," तो म्हणाला.

ही तर माझ्या ताफ्याचीच गोष्ट होती. मी लॅपटॉप मांडीवर उघडला आणि माझ्या साच्याची फाइल काढली. ताफा रवाना कधी व्हायचा, त्याची अट मीच लिहिली होती. सगळ्या जागा भरल्यावर. ही अट लिहिताना मला थांबून विचार करावा लागल्याचं आठवत नाही. निघायचं कधी, तर भरल्यावर, त्यात विचारायचं काय? आणि माझ्याकडे ताफा निघायचा, कारण टेस्ट करताना मी जहाजं बांधत बसत नव्हते. चीट वापरून, म्हणजे गेममधल्या चोरवाटेने, आयता भरलेला ताफा उभा करत होते. पुण्यात खरा खेळ चालू होता. तिथे एक जहाज कमी होतं. ते बांधून होईपर्यंत उभ्या जहाजांचं इंधन जळायचं, लहान जहाजांच्या टाक्या लवकर संपायच्या, ती इंधन भरायला रांगेतून बाहेर जायची. एक चढेपर्यंत दोन उतरायची. ताफा कधीच भरणार नव्हता.

म्हातारी खरोखरच उतरायला लागली तेव्हा बबनभाऊने नाइलाजाने गाडी काढली. मी मॅडमना फोन लावला आणि सांगितलं, अट बदलायची आहे. निम्मी जहाजं आणि टँकर तयार असला की निघायचं, बाकीच्यांनी मागून येऊन वाटेत गाठायचं. मागून येऊन मिळायची सोय गेममध्ये आधीच होती.

"डेमोच्या दिवशी काही बदलायचं नाही, हा नियम तुलाच मी शिकवलाय."

"हो मॅडम. पण बदललं नाही तर तो उभाच राहील."

"टेस्ट केलंस?"

"जीपमध्ये आहे."

"पाठव," त्या म्हणाल्या. "पण पब्लिशरने विचारलं तर उत्तर तू द्यायचं."

बदललेली फाइल नर्सीच्या आसपास कुठेतरी मॅडमकडे गेली. तिथे चार माणसं चढली आणि मला लॅपटॉप मिटून छातीशी धरून बसावं लागलं.

मावसभावाच्या घरी पोचले तेव्हा डेमोला अगदी थोडा वेळ होता. वहिनींनी चहा आणून ठेवला. कॉलवर पब्लिशरकडून एक गृहस्थ होते, कमी बोलणारे. त्यांनी स्वतःच ऑटो दाबलं. जहाजं रांगेत लागली. मध्ये काही जागा रिकाम्या दिसत होत्या. ताफा निघाला.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. मागून येणारी जहाजं एकेकटी येत होती, आणि त्यातली दोन शत्रूने वाटेतच गाठून उडवली. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लढाई रखडत गेली. आमचा ग्रह वाचला, पण एका तोफेच्या जहाजावर, तेही धूर सोडत होतं.

ते गृहस्थ काहीतरी टाइप करत राहिले. मग त्यांनी विचारलं, ताफा अपुरा का निघाला? मी सांगितलं, पूर्ण होण्याची वाट बघितली असती तर निघालाच नसता. आधी तशीच अट होती, आणि ती चूक माझी होती.

"मागे कोण राहिलंय, ते खेळणाऱ्याला दिसतं का?"

"नाही," मी म्हणाले.

"दिसायला हवं. पुढच्या बिल्डमध्ये टाका."

पुढचा बिल्ड म्हणजे गेमची पुढची आवृत्ती. म्हणजे बटण राहणार होतं. हे मला कळायला जरा वेळ लागला. कॉल संपल्यावर बघितलं तर चहावर साय आली होती. मी तो तसाच प्यायले. संध्याकाळी मॅडमचा फोन आला, कॉन्ट्रॅक्ट वाढवायचा मेल पाठवल्याचं सांगायला. शाबासकी द्यायची त्यांना सवय नाही. फक्त म्हणाल्या, "यापुढे टेस्ट करताना चीट वापरायचं नाही. जहाजं बांधायची."

तेव्हापासून मी बांधते. वेळ जातो, कंटाळा येतो आणि मधेच एखादं जहाज हमखास फुटतं. पण भरलेला ताफा काय, कोणाचाही निघतो. खेळणाऱ्याकडे तो कधीच भरलेला नसतो.