अक्षरांवरची लोकर

टँकरची वाट बघत बसलं की पाणी मिळो न मिळो, गोष्टी मात्र साठत जातात. शहराच्या कडेच्या गारखेड्यात टँकर आमच्या नेट सेंटरपुढंच थांबायचा. ओळीनं दुसरं वर्ष पावसाविना चाललं होतं. मी देवगाव रंगारीकडची माझी मेंढरं विकून मुलाकडं शहरात आलो होतो. बशीरभाईंच्या सेंटरचं शटर उघडायचं, झाडायचं आणि दारातल्या बाकावर बसायचं, एवढंच माझं काम. शाळा तिसरीपर्यंत. कॉम्प्युटरला हात कधी लावला नाही, पण बघितलं पुष्कळ.

*

एके सकाळी बशीरभाई मला म्हणाले, "मामू, अक्षरांना तुमच्या मेंढरांसारखी लोकर आलीय."

अलकाताई सेंटरचे कॉम्प्युटर सांभाळायच्या. त्या म्हणाल्या, "भाई, ते मुद्दाम असतं. अक्षरांच्या कडा दातेरी दिसू नयेत म्हणून त्या जरा मऊ करतात. फॉन्ट स्मूदिंग म्हणतात त्याला." सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी ते बंद करून टाकलं.

"आता?"

भाई बराच वेळ बघत राहिले. "लोकर कातरली. पण मेंढी धुक्यातच उभी आहे."

मग अलकाताई त्यांना डॉक्टरकडं घेऊन गेल्या. धुकं कॉम्प्युटरमध्ये नव्हतंच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, फार पिकू दिला तर नजर परत येईलच असं नाही. पण भाईंच्या वडिलांचा डोळा जुन्या काळी अशाच ऑपरेशनात गेला होता.

"नक्को," भाई म्हणाले. "अलकाताई, त्या सेटिंगमध्ये अजून काय काय असतं?"

*

अजून झूम होता. अलकाताईंनी पान मोठं केलं, मग आणखी मोठं. शेवटी पडद्यावर एका वेळी एकच शब्द मावायला लागला. 'अर्जदाराचे' दिसायचं. मग पान सरकवायचं, थांबायचं, तेव्हा कुठं 'नाव' यायचं.

मी हळू बोलतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाई खूश होऊन म्हणाले, "मामू, हा तर तुमच्यासारखा बोलायला लागला. एकेक शब्द, दम खात खात."

*

मोठ्या अक्षरांनी एक घोटाळा केला. आतलं सगळं बाहेर दिसायला लागलं. माझी नजर रानातली, लांबचं नीट दिसतं, जवळचं नाही. बाकावर बसून मी एकेक अक्षर जुळवायचो. टँकरच्या रांगेतल्या बायका तर भराभरा वाचायच्या.

एक गृहस्थ लग्नाच्या साइटवर माहिती भरायला आले. भाई पडद्याला नाक लावून टाइप करत होते. वय, एकोणतीस.

रांगेतून हंडा घेतलेली एक बाई शांतपणे म्हणाली, "एकोणतीस कसं? हे माझ्या थोरल्या दिराच्या वर्गात होते. दिराची पोरगी कॉलेजात जाती आता."

दुसऱ्या दिवशी अलकाताईंनी माझा बाक आत घेऊन दाराला पडदा लावला.

*

उन्हाळ्यात भाईंना कॉम्प्युटरचा पांढरा पडदा डोळ्यांत खुपायला लागला. अलकाताईंनी तो काळा केला आणि त्यावर पिवळी अक्षरं आणली. "भाई, हे शेवटचं हं," त्या म्हणाल्या. हे त्या दर वेळी म्हणायच्या.

संध्याकाळी मला ती अक्षरं लांबच्या घरांतल्या दिव्यांसारखी दिसायची. हे सगळं माळरान होतं तेव्हा चारणीला फिरताना माझी मेंढरं इथं बसायची. कुत्रं अंगाला अंग लावून झोपायचं आणि शहराचे दिवे पार तिकडं, ओळीनं लुकलुकायचे. मग दिवे सरकत सरकत इथवर आले.

"काय वाचताय मामू?"

"वाचत नाही भाई. दिवे बघतोय." मग मी त्यांना मेंढरांचं सांगितलं.

भाई विचार करून म्हणाले, "म्हणजे दुकानाचं भाडं मी तुमच्या मेंढरांना द्यायला पाहिजे."

*

एकदा टँकर आलाच नाही. रांगेतली हंडेवाली बाई आत आली आणि अलकाताईंना म्हणाली, "त्या नकाशात आमच्या गावचा तलाव दिसतो का हो?"

अलकाताईंनी शोधला. तलाव काठोकाठ भरलेला होता. हळूहळू सगळी रांग आत आली. रिकामे हंडे कडेवर तसेच.

अलकाताई म्हणाल्या, "फोटो जुना आहे. आता तिथं काही नसेल."

"असू द्या," बाई म्हणाली. "जरा मोठं करा."

अलकाताई मोठं करत गेल्या. काठ गेला, झाडं गेली, शेवटी पडदाभर नुसतं निळं राहिलं. त्याचा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला होता.

मागून बशीरभाई म्हणाले, "केवढं पाणी आहे." मग त्यांचा आवाज चढला. "मला दिसतंय की! आणि डॉक्टर म्हणतो ऑपरेशन करा."

*

ही गोष्ट भाभींच्या कानावर गेली. भाभी म्हणजे बशीरभाईंची बायको. भाई गुलमंडीला भावाच्या कापडदुकानात गेलेले बघून त्या सेंटरवर आल्या आणि खुर्चीवर टेकल्या.

"बेटी, भिंत अंगावर पडली तर त्यांना कळत नाही. आणि तुम्ही सगळे मिळून त्यांना सांगताय की 'तुम्हाला दिसतंय'."

भाभींनी कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं.

"सगळं पहिल्यासारखं करून दे."

अलकाताईंनी एकेक सेटिंग मागं नेलं. पांढरं पान, बारीक काळी अक्षरं, मऊ कडा. भाभी गेल्या नाहीत. कोपऱ्यात बसून राहिल्या.

भाई आले. चाचपडत खुर्चीत बसले. अक्षरं समोर जागच्या जागी होती. बाकावरून मला ती मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत होती. भाईंनी माऊस हलवला. मान पुढं नेली, मग मागं घेतली.

"पान कोरंच येतंय," ते म्हणाले. "नेट गेलं का?"

अलकाताईंनी माझ्याकडं बघितलं. 'गेलंय' माझ्या ओठांवर आलं होतं. भाभींनी नुसता हात वर केला.

शेजारच्या कॉम्प्युटरवर कन्नड तालुक्यातले एक आजोबा पुण्यातल्या लेकीशी नेटवरून, कॅमेऱ्यावर बोलायला आले होते. हेडफोन कानाला टोचतो म्हणून अलकाताईंनी त्यांना स्पीकर लावून दिला होता. आजोबा पडद्याकडं तोंड करून म्हणाले, "बाई, ऐकू येतंय का गं?"

"व्हय आबा, येतंय," पुण्याहून आवाज आला. "दिसताय पण चांगले. लई वाळलात."

बशीरभाईंचा हात माऊसवर थांबला. लेक पाण्याचं विचारत होती, आबा सांगत होते. भाई ते सगळं शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, त्याच्या काड्या मिटल्या आणि तो खिशात ठेवला.

"मामू," ते म्हणाले, "रिक्षा बोलवा."