बयनाबाईचा पाट

माणिकराव वल्द चंपतराव, साकीन मंडळ तलमडुगु, जिल्हा आदिलाबाद. वय सत्तरीच्या आसपास, पेशा कोरडवाहू शेती, दर्जा कुटुंबप्रमुख. कागदावर न आलेला आणखी एक पेशा: अखाजीला लोकांचे पितर होऊन जेवणे.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाण्याची घागर पुजायची, मेलेल्याच्या नावाने पाट मांडायचा आणि त्यावर जिवंत माणूस बसवून जेवू घालायचं, अशी इकडची रीत. पुरुषाच्या जागी पुरुष, बाईच्या जागी बाई.

“मामाजी, आमच्या बुढ्याच्या जागी बसा,” शेजारचा धोंडीबा दरसाल म्हणायचा. “थोडं अ‍ॅडजस्ट करा.”

“तुहा बाप वावराच्या धुऱ्यापायी जलमभर माह्याशी भांडला. आता त्याच्याच नावाचा रस पाजतं का मले?” असं म्हणून माणिकराव पाटावर बसायचे आणि रस दोनदा मागून घ्यायचे.

‘अ‍ॅडजस्ट’ या क्रियापदाचं मूळ लॅटिनमध्ये सापडतं. तिथे अर्थ होता, जवळ आणणं. फ्रेंचांनी त्याने वस्तू जोडल्या, इंग्रजांनी यंत्रं नीट बसवली. आपल्याकडे ते बसच्या सीटवरून घरात आलं. आता ते फक्त आज्ञार्थात चालतं आणि नेहमी दुसऱ्याने करायचं असतं.

थंडीत माणिकरावांची बायको बयनाबाई गेली. ही तिची पहिली अखाजी. तिच्या पाटावर कुणीतरी बसावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मुलगा पियुष हैदराबादेत. सून सपना बसली असती. पियुषला फोन केला.

“बाबा, सुट्टी नाई भेटून राह्यली. औंदा तुमीच अ‍ॅडजस्ट करून घ्या.”

मग धोंडीबाच्या बायकोला, शीतलला विचारलं.

“माह्या घरीच पावणे हायेत, मामाजी. आज कोणती बाई आपलं घर सोडून येईन? करा ना अ‍ॅडजस्ट. अन् तुमी आमच्याकडं कवा येता? बुढ्याचा पाट मांडून ठेवला.”

“औंदा दुसरा बुढा पाहा,” माणिकराव म्हणाले.

घरी येऊन त्यांनी घागर भरली. वरण-भात केला, रस काढला. पोळ्या जमल्या नाहीत. दोन पाट मांडले, आपला भिंतीशी, तिचा चुलीशी. बयनाबाई चुलीशी बसायची. दार उघडं ठेवून वाट पाहिली. रसावर माशा येऊ लागल्या.

शेवटी उठून त्यांनी भिंतीचा पाट ओढत नेला आणि चुलीशेजारच्या पाटाला टेकवून ठेवला.

कुटुंबप्रमुख एकटेच जेवले.