मडमेची बीर निवळली तेव्हा

दारूला हात लावलेली बाई म्हणून माझ्या जावा मला कितीतरी दिवस चिडवत. हो, लावला हात! आणि असा लावला, की अकोल्याचे साहेब लोक ग्लास उजेडाला धरून बघत राहिले. तेच सांगते.

कपाशीला भाव आला ते दिवस. अमरावतीचे रस्ते रुईच्या गाड्यांनी भरलेले, आणि रुईच्या मागे गोरे साहेब आलेले. आगगाडी अजून आपल्याकडे पोचली नव्हती. त्यांच्या बीरच्या, म्हणजे तुम्ही आता बिअर म्हणता तिच्या, बाटल्या मुंबईकडून बैलगाडीनं येत आणि निम्म्या वाटेतच फुटत. म्हणून एका साहेबाच्या मडमेनं घरीच बीर करायचं मनावर घेतलं. आम्ही माळी, तिच्या बंगल्यावर भाजी घालणारे. मी तिच्याकडे झाडलोट-सारवणाला लागले, तर तिनं ही बीरची खोलीही माझ्याच गळ्यात घातली.

आता बीर म्हणजे काय, तर मोड आणलेल्या जवाची आंबील म्हणा ना. पहिल्या माठात ती आठ दिवस अशी फसफसे, की फेस काठावरून ओघळे. तो जोर ओसरला की तळचा साका तळालाच ठेवून वरचं वर नळीनं काचेच्या मोठ्या बुधल्यात घ्यायचं. मडम म्हणे, "अबी खतम नहीं. अबी अंदर में धीरे धीरे काम चलता." खरंच, कान लावला तर बारीक बुडबुडे फुटताना ऐकू येत. हे दुसरं आंबणं मुकाट्यानं होतं. ते झालं की गढूळपणा खाली बसतो आणि बीर निवळते.

आमची मेली निवळेच ना! पंधरा दिवस झाले तरी तशीच. नाताळाला अकोल्याचे साहेब जेवायला येणार होते आणि मडमेनं त्यांना घरच्या बीरचा शब्द देऊन ठेवलेला. खानसामा रोज दारातून डोकावे. "क्यूं बाई, ये बीर है के पूर्णा का पूर?"

"तुमाले काय करायचं? तुमी तुमची कोंबडी पाहा!" मी म्हणे. पण आतून धास्तावले होते.

शेवटी त्यानं मडमेच्या कानावर घातलंच, की या बाईच्या हातालाच दोष आहे. मडम मला म्हणाली, "नाताळ तक साफ नहीं हुआ, तो तुम दूसरा काम देखो." दुसरं काम कुठलं? वांग्याच्या वाफ्यात सासूच्या नजरेखाली बसायचं, तेच. त्या बीरच्या खोलीत मला कुणी काहून म्हणून विचारत नव्हतं. ती मला सोडायची नव्हती.

त्यातच माझे बाहेर बसायचे चार दिवस आले. घरातल्या कशाला शिवायचं नाही, तिथं बंगल्यावर जाणं कुठलं? मागच्या पडवीत बसून मी एकच घोर करत होते. पाचव्या दिवशी न्हाऊन गेले, खोलीत पाऊल टाकलं, आणि बघतच राहिले. बुधल्याच्या आरपार पलीकडच्या खिडकीचे गज दिसत होते! रंग कसा, ताज्या मधासारखा. तळाशी बोटभर साका, दही लागावं तसा.

आधी सारवून घेऊ, म्हणून शेणाची पाटी खाली ठेवली आणि नेहमीसारखे बुधल्याला दोन्ही हात घातले. जरासा उचलला मात्र, तळातून धुरासारखं गढूळ वर यायला लागलं.

अगं बाई, मीच ती! खोली साफ ठेव असं मडमेनं सांगितलेलं, म्हणून मी रोज सकाळी बुधला पोटाशी धरून या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेई, खालची जागा सारवी आणि परत आणून ठेवी. मडम यायची दुपारी. एवढं जड धूड कुणी रोज हलवत असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आणि माझ्या मागे चार दिवस तिथं झाडू कोण घेणार? खानसामा?

बुधला अलगद टेकवला आणि सरळ मडमेपुढे गेले. "बाईसाहेब, दोष हाताचा नाई, सारवणाचा आहे. रोज मीच हालवून राहिली होती. आता नाताळापर्यंत तिथं कोनी जाऊ नका. मी बी जात नाई."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग अशी हसली, की डोळ्यांना रुमाल लावावा लागला. खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. नाताळाला तीन दिवस होते. तीन दिवस जमीन न सारवता ठेवणं मला किती जड गेलं, ते माझं मला ठाऊक.

नाताळाच्या दुपारी मीच श्वास धरून वरचं वर नळीनं काढून दिलं. अकोल्याच्या साहेबानं ग्लास खिडकीपाशी नेला, फिरवून फिरवून बघितला आणि विचारलं, ही कोणत्या बोटीनं आली? मडमेनं दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं. सगळे गोरे वळून बघायला लागले. मी पदर सावरला आणि मीही बघितलं त्यांच्याकडे.

थोड्या वेळानं खानसामा रिकामा जग घेऊन खोलीच्या दाराशी आला. "बाई, एक जग और दे दो. साहब लोग मांगते."

"आधी जोडे काढा, भाऊ," मी म्हटलं. "अन् पाय हळू टाका."

त्यानं जोडे काढले.